जबाबातला ‘मी’

बोईसरच्या चौकीवर मी रुजू व्हायला गेलो, तेव्हा आमचे जमादार पायरीवर बसून एका म्हशीचा जबाब घेत होते.

थट्टा करत नाही. म्हैस समोरच्या करंजाला बांधलेली होती. तिच्या दोन बाजूंना दोन मालक उभे राहून ‘माझी, माझी’ करत घसा फाडत होते. मधे पायरीवर जमादार. टोपी मांडीवर, पट्टा सैल, तोंडात विडी. मी टाच आपटून कडक सलाम ठोकला, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

“आवाज करू नको. जबाब चाललाय.”

विडी संपली. मग त्यांनी म्हशीचा दोर सोडायला लावला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. म्हैस दहा मिनिटं जागची हलली नाही. जमादारही हलले नाहीत. शेवटी तिला काय वाटलं कोण जाणे, ती रमतगमत पूर्वेच्या अंगाला निघाली. तिच्यामागे जमादार, त्यांच्यामागे दोन्ही मालक आणि सर्वांत मागे खांद्यावर ट्रंक घेतलेला मी. अर्धा तास चालून म्हैस एका गोठ्यात शिरली आणि तिनं आपल्या गव्हाणीत तोंड घातलं. मागे वळून बघतो तो दोन मालकांपैकी एकच उरला होता.

“लिव,” जमादार मला म्हणाले.

“काय लिहू?”

“म्हशीनं सांगितलं ते.”

खात्यातला माझा पहिला दिवस असा गेला. मी सातारकडचा, मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे मला लाठीपेक्षा टाकच जास्त दिला गेला. चौकीतलं सगळं लिखाण माझ्याकडे. खात्याच्या भाषेत मी ‘रायटर’ होतो, जमादारांच्या भाषेत ‘लिवणारा’. ते स्वतः जेमतेम लिहीत. सही मोडीत करत आणि तीही अशी, की तीन जमादारांनी मिळून केल्यासारखी दिसे. म्हणून सहीआधी प्रत्येक कागद मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, असा शिरस्ता होता. “वाच. जसं लिवलंयस तसं वाच. तुझ्या मनातलं नको.”

माणूस मोठा विक्षिप्त होता. सातपाटीचा, समुद्रावर वाढलेला, पण होडीत बसला की उलटी व्हायची म्हणून पोलिसात आलेला, असं ते स्वतःच सांगत. चौकीच्या टेबलाच्या खणात चाव्यांशेजारी सुक्या बोंबलांची पुडी असे. त्यामुळे कोठडीचं कुलूप उघडलं तरी बोंबलाचा वास यायचा. सोंगट्या खेळताना राजरोस लबाडी करायचे आणि पकडलं तर वर तुम्हालाच दम द्यायचे. वरिष्ठांशी त्यांचं कधी जमलं नाही. वरिष्ठ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. मग समोरचा बरोबर बोलत असला तरी हे आडवं बोलणार.

पण त्यांचं खरं वेड निराळं होतं. विचारपूस करताना ते आधी काठी भिंतीला लावत, शिट्टी खिळ्याला टांगत, टोपी काढत आणि जमिनीवर बसत. खुर्चीवर नाही, जमिनीवर. “पयलं बूड टेक,” हे त्यांनी मला शिकवलेलं पहिलं पोलिसी काम. मग विडी पेटवायची. एक सवाल विचारायचा आणि विडी संपेपर्यंत दुसरा नाही. समोरचा बोलला तर ठीक, नाही बोलला तर नवी विडी, नवा सवाल. आमचे बाकीचे शिपाई वैतागत. एका जबाबाला निम्मं बंडल जायचं.

कोठडीच्या दाराच्या बिजागऱ्यांना दर सोमवारी खोबरेल घालायचे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, “आत बसलेल्या मानसाला एकदा दार लागल्याचं कळलं, पुरे. परत परत कशाला सांगायचं?”

आणि काहीही झालं तरी ते ओरडत नसत. पळणाऱ्या माणसावरसुद्धा नाही. पळत जाऊन पुढे उभे राहत. पन्नाशीच्या आसपासचा गडी, पोट सुटलेलं, धाप लागायची, पण ओरडणार नाही. मी एकदा म्हटलं, “जमादार, नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तरी थांबला असता.”

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या दिवशी पंचाळीच्या रस्त्यानं परतताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. चळवळीच्या दिवसांत, नवे शिपाई असताना, त्यांना वैतरणेच्या पुलावर पहाऱ्याला ठेवलं होतं. रुळांना कुणी हात लावू नये म्हणून. एक माणूस खाडीकडून बांधावरून वर आला आणि सरळ चालू लागला. यांनी तीनदा ‘थांब’ म्हणून आरोळी दिली. तो थांबला नाही. यांनी मागून काठी घातली. मनगट मोडलं. मग कळलं, की तो जन्माचा बहिरा होता. होडी वल्हवून पोट भरणारा माणूस. मनगट वाकडंच बसलं, वल्हं हातातून गेलं ते गेलंच.

“मला शाबासकी मिळाली,” जमादार म्हणाले. “पाहरा चोख म्हणून.”

पुढे दर वर्षी दिवाळीनंतर ते एकदा वैतरणा स्टेशनला उतरत आणि त्या माणसाच्या झोपडीपाशी जाऊन बोंबलाची एक मोठी पुडी ठेवत. तो तोंड फिरवून बसायचा. वीस-बावीस वर्षं तो तोंडच फिरवत होता.

“मग कशाला जाता?”

“जायाचं काम मी करतो. तोंड फिरवायचा हक त्याचा हाय. माफी मागायला जात नाय मी. ती मागून मोकळा होईन म्हणून तर मागत नाय.”

मला हे तेव्हा फारसं कळलं नाही. चार-सहा महिन्यांनी कळलं, आणि तेही माझ्याच हातून घडलेल्या पापामुळे.

त्या काळी तारापूरच्या किनाऱ्याला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम सुरू होतं. कुठकुठून माणसं आली होती. बोईसरच्या बाजारात मराठीइतकीच हिंदी ऐकू येऊ लागली होती. शेताडीतून नव्या रस्त्याच्या कडेनं तारांचे खांब उभे राहत होते. त्याच रस्त्यावर एका ठेकेदाराचं गुदाम होतं आणि तिथून तांब्याच्या तारेची भेंडोळी नाहीशी होत होती. वरून आमच्यावर दट्ट्या आला. फौजदारसाहेब पालघरला बसायचे. तरुण, हुशार, पुण्याकडचे, इस्त्री मोडू न देणारे. त्यांनी आम्हाला आठ दिवसांची मुदत दिली.

सातव्या दिवशी गुदामाच्या आवारात देवजी सापडला.

देवजी कुंभवलीचा. तीस-बत्तीस वर्षांचा उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. विधवा आईचा एकुलता एक. आई मथीबाई दुसऱ्यांच्या शेतावर राबायची. देवजी कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, कुणी शिवलेलं त्याला चालत नसे आणि आपण होऊन एक शब्द बोलत नसे. आता अशा माणसांसाठी डॉक्टरांपाशी नाव आहे म्हणतात. तेव्हा गावाकडे एकच नाव होतं, आणि ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्या नावानं हाक मारणाऱ्याला जमादारांनी काय सुनावलं होतं ते मला आठवतं.

पण ते नंतर. त्या दिवशी जमादार चौकीवर नव्हतेच. सातपाटीला जत्रेच्या बंदोबस्तावर गेले होते. सकाळी आमच्या दोघा शिपायांनी देवजीला आवारात पाहिलं. ते ओरडले, तो थांबला नाही. त्यांनी दंडाला धरलं, तर त्यानं एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि कान दाबून धावत सुटला. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. चौकीवर आणला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि तो एका सुरात हुंकार देत मागेपुढे झुलत होता. गुदामाचा चौकीदार बरोबर आला होता. म्हणाला, “साहब, ये रोज आता है. रोज इसी टाइम. खंबे को हाथ लगाता है, चला जाता है. आज अंदर घुस गया.”

दुपारी फौजदारसाहेब जीपनं आले. मला म्हणाले, लिहायला बसा.

आता आमच्या लिखाणाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. पोलिसात जबाब लिहितात तो सवालजवाबासारखा लिहीत नाहीत. साहेब विचारतात, ‘तू कुठे राहतोस?’ तो म्हणतो, ‘कुंभवलीला.’ आणि रायटर लिहितो, ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी कुंभवली येथे राहतो.’ सवाल गळून जातो. कुणी नुसती मान हलवली, कुणी ‘हो’ म्हटलं, कुणी रडलं, तरी कागदावर सगळ्यांचा ‘मी’ होतो. सहा महिन्यांत माझा हात त्या वळणाला इतका बसला होता, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मी ‘मी’ लिहून ठेवत असे.

फौजदारांनी विचारलं, “नाव काय तुझं?”

देवजी जमिनीकडे बघत म्हणाला, “नाव काय तुजं.”

“गाव कुठलं?”

“गाव कुठलं.”

“माझी नक्कल करतोस?”

“माजी नक्कल करतोस.”

शिपाई हसले. फौजदारांची कानशिलं लाल झाली आणि त्यांनी देवजीला एक ठेवून दिली. देवजीनं स्वतःच्याच डोक्यावर मुठी मारून घ्यायला सुरुवात केली. मी दौतीकडे बघत राहिलो. मला वाईट वाटलं, पण दौतीकडे बघत राहण्याइतकंच.

“तार तूच चोरलीस ना?” फौजदार म्हणाले.

“तार तूच चोरलीस ना,” देवजी म्हणाला.

“ऐकलंत? कबूल केलं. लिहा.”

आणि मी लिहिलं. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की, तार मीच चोरली.’ वळणदार अक्षरात, शाई न सांडता. त्यानं ‘तू’ म्हटलं होतं. मी ‘मी’ लिहिलं.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण तिच्यावर माणूस पंधरा दिवस कोठडीत ठेवता येतो आणि तेवढ्यात मुद्दाम शोधलेली तार कुठे ना कुठे सापडतेच. साहेब म्हणाले, उद्या अकराला जीप घेऊन येतो, पालघरच्या कोर्टात उभा करू.

संध्याकाळच्या आत मथीबाई धावत चौकीवर आली. हातात एक चेपलेला पितळी लोटा. माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, “दादा, ह्यातून पानी द्या त्याला. तो दुसऱ्याच्या भांड्यातलं पीत नाय. ल्हानपनी तापात हॉस्पिटलात ठेवला होता, तीन दिवस थेंब घेतला नाय. मरता मरता वाचला. हाच लोटा लागतो. आनि माज्या हातानं लागतो.”

माझ्याबरोबरच्यांनी नियम सांगितला. बाहेरचं भांडं आत देता येत नाही. मीही तोच नियम सांगितला. ती बाई लोटा घेऊन रात्रभर करंजाखाली बसून राहिली आणि आत देवजीनं आमच्या माठातलं पाणी हातही न लावता तसंच ठेवलं. जून अजून लागायचा होता. कोठडीचा पत्रा संध्याकाळीसुद्धा चटके देत होता.

सकाळी आठच्या गाडीनं जमादार आले. पायरीशी मथीबाई दिसली. त्यांनी काठी भिंतीला लावली, शिट्टी टांगली आणि तिच्यासमोर मातीत बसले. त्या दिवशी विडी पेटवली नाही. तिनं सगळं सांगितलं. मग ते आत आले. चावी घेतली, कोठडी उघडली आणि स्वतः आत न जाता दाराबाहेर देवजीकडे पाठ करून बसले. मथीबाईला म्हणाले, “बाय, तू जा लोटा घेऊन. तो तुज्याकडं सरकंल तेवा जवळ जा.”

एक शिपाई म्हणाला, “जमादार, पळून जाईल तो येडा.”

जमादार वळलेसुद्धा नाहीत. “त्याला नाव हाय. देवजी. आनि पळाला तर त्याच्याबरोबर मी पन पळेन. तुला काय तरास हाय?”

देवजी वीस-एकवीस तासांनी पाणी प्यायला. त्या घोटांचा आवाज मला चौकीतल्या टेबलापर्यंत ऐकू आला. मी दौतीकडे बघू लागलो.

“लिवणाऱ्या,” जमादार म्हणाले, “जबाब वाच.”

मी वाचला. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ पासून ‘तार मीच चोरली’ पर्यंत. जमादारांनी दोनदा वाचायला लावला. मग उठले, देवजीपासून चार हात लांब, त्याच्या बाजूला बसले, त्याच्याकडे न बघता, जमिनीकडे बघत. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “तू जेवलास?”

“तू जेवलास,” देवजी म्हणाला.

जमादारांनी मान डोलावली. “तू जमादार हायस?”

“तू जमादार हायस.”

“खरं हाय,” जमादार म्हणाले. “मीच हाय.” मग माझ्याकडे वळले. “ह्यानं ‘मी’ कदी म्हटलं?”

मी कागदाची घडी घालू लागलो.

“मी पुसतोय. ह्याच्या तोंडून ‘मी’ निगालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “ती लिहायची रीत आहे, जमादार. आपण सगळ्यांचंच तसं लिहितो.”

“मग हा ‘मी’ कोनाचा?”

मला त्यांचा भयंकर राग आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. अक्षर माझं, नोकरी माझी, घरी सातारला पाठचे, शिकणारे दोन भाऊ माझे. साहेबांनी लिहा म्हटलं, मी लिहिलं. मी काय करायला हवं होतं?

मथीबाई मधेच म्हणाली, “तो खांब शिवतो, जमादारबाबा. घराकडून निगतो तो एक एक खांब शिवत जातो आनि परत येतो. खांब उबे केले तवापासनं. एकबी सोडत नाय. सोडला तर जेवत नाय.”

जमादारांनी चौकीदाराला बोलावून घेतलं आणि एकच सवाल विचारला. रस्त्यावरचा खांब कुणी काढला का? तो म्हणाला, हां साहब, मोड का खंबा टेढ़ा था, परसों निकालकर अंदर रखा है. वळणावरचा वाकडा खांब उपटून गुदामाच्या आवारात आडवा टाकला होता. देवजी आपला खांब शोधत आत गेला होता. एवढीच चोरी.

मी शहाणपणा दाखवायला म्हणालो, “म्हणजे जमादार, त्या म्हशीसारखंच झालं. सोडलं असतं तर आपणच कळलं असतं.”

“म्हस नाय तो,” जमादार कडाडले. म्हणजे त्यांच्या परीनं, न ओरडता. “मानूस हाय. म्हशीला आपन जास्त मान दिला, तेवडं खरं. तिला कोनी कानाखाली मारली नव्हती.”

अकराला जीप आली. फौजदारसाहेब उतरले आणि त्यांनी पाहिलं, की कोठडी उघडी आहे, आरोपी पायरीवर बसून चौकीच्या ओटीचा खांब बोटानं चाचपतो आहे, शेजारी त्याची आई आहे आणि समोर जमादार टोपीशिवाय जमिनीवर बसले आहेत. गोष्ट सांगितली तर हसू येतं. तेव्हा आम्हा कुणाला आलं नव्हतं.

“हा काय तमाशा आहे? उठा.”

जमादार उठले, टोपी घातली, सलाम केला. मग म्हणाले, “साहेब, ह्याला नेता येनार नाय. ह्यानं कबुली दिली नाय.”

“कागद आहे.”

“कागद आमच्या लिवणाऱ्याचा हाय. मानूस इथं हाय. मानसाला पुसा.”

“मी कालच विचारलंय.”

“मग आज परत पुसा. मोठ्यानं नको, हळू पुसा. माज्यासमोर.”

फौजदारांनी दात ओठ खाल्ले, पण आजूबाजूला बाजारातली दहा-पंधरा माणसं जमली होती. त्यांनी हात कमरेवर ठेवून विचारलं, “तार तूच चोरलीस ना?”

देवजी त्यांच्या कोटाच्या सर्वांत खालच्या बटणाकडे बघत स्पष्ट म्हणाला, “तार तूच चोरलीस ना.”

गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. जमादार शांतपणे मला म्हणाले, “लिवणाऱ्या, आता लिव. काल लिवलंस तसंच. कबूल केलं म्हून. फकत कोनी ते तू ठरव.”

फौजदारांचा हात वर गेला. जमादार मधे येऊन उभे राहिले. त्यांनी तो हात धरला नाही, त्याला शिवलेही नाहीत. नुसते उभे राहिले, पोट पुढे काढून.

“ह्याला मारायचं तर मधे मी हाय. मला ऐकू येतं, मला बोलता येतं, मला मारलं तर मी सांगू शकतो. म्हून मला मारा. ज्याला सांगता येत नाय त्याला मारायला पोलीस कशाला लागतो? ते कोनीबी करतो.”

“जमादार, तुम्ही खात्यात आहात, की खात्याच्या विरुद्ध?”

“पंचवीस वर्सं खात्यात हाय. खात्यानं मला वैतरण्याला शाबासकी दिली होती. ती परत घ्या. मग सांगतो कोनाच्या विरुद्ध ते.”

फौजदारांना वैतरणेचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं असेल, म्हातारा बरळतोय. मला ठाऊक होतं. मी तिथे टेबलापाशी उभा होतो आणि हातात तो कागद होता.

जीप रिकामी परत गेली. देवजी आईबरोबर कुंभवलीला गेला, रस्त्यातला प्रत्येक खांब शिवत. दुपारी जमादारांनी चौकीदाराला आणि चार गड्यांना बोलावून वळणावरचा वाकडा खांब वाकडाच परत पुरायला लावला. ठेकेदार ओरडत आला. त्याला सांगितलं, “चोर धरायचा हाय ना? मग खांब राहू दे. हा रोज इथून जानार. तुज्या चौकीदारापेक्षा ह्याचा फेरा चोख हाय.” तार कुणी नेली ते पुढे कधी कळलं नाही. देवजीनं मात्र आपल्या फेऱ्यात आमच्या ओटीचा खांबही धरला. रोज सकाळी ठरल्या वेळी तो यायचा, जमादार न बोलता आपली खुर्ची खांबापासून सरकवायचे, तो शिवायचा आणि जायचा. दोघांची एवढीच ओळख.

लोक मला आजही म्हणतात, पोलिसाला एवढा वेळ कुठे असतो? एकेका विडीला एकेक सवाल विचारत बसलं तर राज्य चालेल का? मी म्हणतो, चालेल. निवांत चालेल. घाईनं आम्ही जे जे केलं ते निस्तरायला त्याहून जास्त वेळ गेला आहे, आणि काही मनगटं तर अजून वाकडीच आहेत.

पंधरवड्यात जमादारांच्या बदलीचा हुकूम आला. जव्हारकडच्या डोंगरातलं ठाणं. आणि मला पालघरला बोलावणं. फौजदारसाहेब माझ्याशी फार गोड बोलले. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, तुमचं अक्षर वाया जातंय, इथे माझ्याकडे या. फक्त एक लेखी द्या, की जबाब बरोबर होता आणि जमादारांनी दमदाटी करून आरोपी सोडला. चार ओळी. उद्या संध्याकाळपर्यंत.

मी हो म्हणून आलो. खोटं कशाला सांगू, येताना गाडीत मी त्या चार ओळी मनात लिहूनही काढल्या होत्या. सुरेख जमल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार निघाले. बोईसरच्या फलाटावर त्यांची ट्रंक, वळकटी आणि बोंबलाची पुडी. पोचवायला मी एकटाच. गाडीला उशीर होता. ते ट्रंकेवर बसले, टोपी काढली. मला म्हणाले, “साहेबानं लेखी मागितलं असंल.”

“हो.”

“लिवलंस?”

मी खिशातून कागद काढला. खिशात दोन कागद होते. एक काल गाडीत मनात जमलेला आणि रात्री कागदावर उतरवलेला. दुसरा पहाटे लिहिलेला, खाडाखोड झालेला, शाई सांडलेला. मी दुसरा उघडला.

“वाच,” जमादार म्हणाले. “जसं लिवलंयस तसं.”

मी वाचलं. “समक्ष विचारल्यावरून सांगतो की, कुंभवलीचा देवजी याच्या जबाबात ‘मी’ हा शब्द आहे. तो देवजीनं उच्चारलेला नाही. जमादारांनी मला कसलीही दमदाटी केलेली नाही. तो ‘मी’ माझा आहे. मी घातला.”

जमादारांनी विडी पेटवली. फलाटावर कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन गाडीची वाट बघत होत्या. त्यांची विडी शेवटापर्यंत जळली आणि त्यांनी ती टाचेखाली विझवली.

“पुडं?”

“पुढं काही नाही, जमादार. एवढंच.”

ते ट्रंकेवरून उठले, बाजूला झाले आणि ट्रंकेचं झाकण हातानं पुसून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

“मग सई कर.”